फी शाळेने घ्यायची, प्रीसेप्टर मात्र आम्ही शोधायचा?

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. गेली दोन वर्षं डोक्यात घोळत होती. शिकत असताना लिहायची हिंमत नव्हती, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याच हातात माझी डिग्री होती. आता डिग्री भिंतीवर आहे, लायसन्स आहे, नोकरी आहे. आणि गेल्या महिन्याभरात आपल्याच एडिसन-पिस्कॅटवे भागातल्या तीन मराठी मुलींचे मला जवळपास सारखेच मेसेज आले : "ताई, तुमच्या क्लिनिकमध्ये प्रीसेप्टर मिळेल का? कुणीही चालेल."

"कुणीही चालेल" वाचून माझं डोकं फिरलं. त्या मुलींवर नाही. ज्यांनी त्यांच्यावर हे लिहायची वेळ आणली त्यांच्यावर.

तिकडे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, नाहीतर म्हणाल ही काय बोलतेय. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्सिंगमध्ये मास्टर्स किंवा त्यापुढची डिग्री घेऊन पेशंट तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी नर्स. न्यू जर्सीच्या लायसन्सवर आम्हाला 'एपीएन' म्हणतात, कामाची जात तीच. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या पब्लिक हेल्थ नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने हा अभ्यासक्रम पहिल्यांदा सुरू केला. खेड्यापाड्यातल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते, म्हणून. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, वयाच्या १०४ व्या वर्षी. आज देशात आमची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. इथे तुमच्या आईवडिलांना घेऊन तुम्ही क्लिनिकमध्ये जाता तेव्हा शुगरच्या गोळ्या बदलून देणारी व्यक्ती डॉक्टर नसून बरेचदा आमच्यातलीच कुणीतरी असते. म्हणजे हा विषय फक्त नर्सांचा नाही.

हे काम पुस्तकातून येत नाही. क्लिनिकमध्ये एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या नजरेखाली प्रत्यक्ष पेशंट बघावे लागतात. त्या अनुभवी माणसाला प्रीसेप्टर म्हणतात. तो तुमच्या तासांवर सही करतो, तुम्ही कान नीट बघितला का, छाती नीट ऐकली का, हे तपासतो. पूर्वी असे किमान ५०० तास लागायचे. २०२२ मध्ये देशपातळीवरचे निकष बदलले आणि किमान ७५० झाले. चांगलंच झालं, माझा त्याला विरोध नाही. पाचशे कमीच होते.

प्रश्न असा, की हे ७५० तास द्यायचे कुणी?

माझ्या शाळेने (नाव लिहीत नाही, आणि कमेंटमध्ये विचारू नका) पहिल्या दिवसापासून क्रेडिटप्रमाणे फी घेतली. शिवाय दर टर्मला वेगळी 'क्लिनिकल फी'. आणि पहिल्या क्लिनिकल टर्मच्या आधी एक ईमेल आला. प्रीसेप्टर आणि साइट शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. अमुक तारखेपर्यंत कागद पूर्ण नसतील तर कोर्समधून नाव कमी होईल. सोबत एक्सेलची फाईल. जुन्या प्रीसेप्टरांची यादी म्हणे. त्या यादीतला एक डॉक्टर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला होता, दोन क्लिनिकं बंद झाली होती, आणि एका नंबरवर पिझ्झावाला उचलत होता. खोटं वाटेल, पण खरंय.

एसटीचं तिकीट फाडून झाल्यावर कंडक्टरने सांगावं, "ड्रायव्हर मात्र तुमचा तुम्ही बघा," तसला हा प्रकार. आणि ड्रायव्हर नाही मिळाला तर तिकिटाचे पैसे परत? छे.

मी पहिल्या रोटेशनसाठी ८३ ठिकाणी विचारलं. आकडा पाठ आहे कारण वहीत लिहून ठेवत होते. ईमेल, फोन, फॅक्स (हो, फॅक्स. या देशात क्लिनिकं अजून फॅक्सवर चालतात). ड्युटी संपवून, स्क्रब्सवर जॅकेट चढवून, रेझ्युमे हातात घेऊन एकेका क्लिनिकच्या काचेपुढे उभी राहायचे. समोरची रिसेप्शनिस्ट आधी इन्शुरन्स कार्ड मागायची. मी पेशंट नाही, विद्यार्थिनी आहे, म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. "वुई डोन्ट टेक स्टुडंट्स." पुढचा प्रश्न विचारायच्या आत काच बंद.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा पर्समध्ये रेझ्युमेच्या दहा प्रती होत्या. महाप्रसादाच्या रांगेत एका डॉक्टरकाकांच्या मागे मुद्दाम उभी राहिले. हातात भाताची ताटली, तोंडात "काका, एक विचारू का?" नवऱ्याने लांबून बघितलं आणि मान खाली घातली. लाज त्याला वाटली, मला वाटायची तेव्हा सोय नव्हती. काका भले माणूस. म्हणाले, "बेटा, माझं काही नाही, आमच्या ऑफिस मॅनेजरला विचार." मॅनेजर म्हणाली, क्लिनिक आता हॉस्पिटल सिस्टिमने विकत घेतलंय, विद्यार्थी घ्यायचे तर वरून करार हवा. वरच्यांना फोन केला तर त्यांचा करार दुसऱ्या विद्यापीठाशी, आणि तोही फक्त त्यांच्याशीच.

एक डॉक्टर लगेच हो म्हणाले. मी घरी येऊन शिरा केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज : तासाला पंधरा डॉलर, रोख.

आणि मग दलाल. हो, यात दलाल आहेत. प्रीसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्या, वेबसाइट, हसऱ्या नर्सांचे फोटो. मला १८० तासांच्या एका रोटेशनला अडीच हजार डॉलर सांगितले. अशी रोटेशनं चार-पाच करायची असतात, हिशेब तुम्हीच करा. शाळेची फी वेगळी, ही वेगळी. माझ्या वर्गातल्या एकीने क्रेडिट कार्डवर भरले. दुसरीने भरायला नकार दिला आणि टर्म सोडली. टर्म सोडली की पुढची क्लिनिकल टर्म पुढे जाते, पदवी पुढे जाते, वाढीव पगार पुढे जातो. नोंदणी अर्ध्या वेळेच्या खाली गेली की फेडरल कर्जाच्या सहा महिन्यांच्या सवलतीचे दिवस मोजायला सुरुवात होते, आणि ते संपले की हप्ते. म्हणजे शिक्षण थांबलंय शाळेमुळे आणि भुर्दंड बसलाय मुलीला.

मी काय केलं? वाइनलँडकडे एका छोट्या क्लिनिकमध्ये एक वयस्कर नर्स प्रॅक्टिशनर मिळाली. येऊन-जाऊन दीडशे मैलांच्या वर. आठवड्यातून दोन दिवस, बाकीचे तीन दिवस हॉस्पिटलची बारा तासांची ड्युटी. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. एक पैसा घेतला नाही, आणि रोज संध्याकाळी पाच केसेस पुन्हा तोंडी विचारायच्या. सगळ्यांच्या नशिबी वाइनलँडची बाई नसते. माझ्याही दुसऱ्या रोटेशनला नव्हती.

ते ऐका, कारण खरा मुद्दा तिथे आहे. बालरोगाचे तास हवे होते. मुदत संपायला अकरा दिवस होते. एक फॅमिली प्रॅक्टिस मिळाली, डॉक्टर म्हणाले मुलंही येतात. येत होती. दिवसाला दोन, कधी एक. शाळेत जाण्यासाठीचे फॉर्म भरायला. तास मात्र तास म्हणून मोजले गेले, सही झाली, शाळेने फाईल बंद केली. माझ्या आधी कुणी त्या क्लिनिकमध्ये जाऊन बघितलं होतं का, तिथे मुलं येतात किती? नाही. शाळेच्या बाईंनी एकदा व्हिडिओ कॉल केला, वीस मिनिटं.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्यासमोर चौदा महिन्यांचं बाळ आलं. ताप, रडणं, कान ओढतंय. मी कानात बघितलं आणि मला खात्रीने सांगता येईना, पडदा लाल आहे तो रडण्याने की इन्फेक्शनने. रडणाऱ्या बाळाचा कान नुसता लाल दिसतो, पडदा फुगलाय का, हलतोय का, हे बघायचं असतं. हे मला वाचून माहीत होतं. शंभर कान बघून माहीत व्हायला हवं होतं. मी सीनियर डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं, बाळ बरं झालं. पण त्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर बरोबर होती. तिने पूर्ण शिकलेल्या माणसासाठी पैसे मोजले होते.

मी गावाकडे सरकारी हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात शिकले. तिथलं कौतुक करायला बसले नाहीये. आमच्याकडून ट्रॉल्या ढकलून घेतल्या, स्टाफ कमी म्हणून रात्रपाळ्या करून घेतल्या, इन्चार्ज सिस्टर चारचौघांत उभं करून झापायच्या. पण वॉर्ड पोस्टिंगचा तक्ता कॉलेजचा असायचा. कुठला वॉर्ड, किती दिवस, सोबत कुठल्या सिस्टर ट्यूटर, सगळं लिहून भिंतीवर लावलेलं. प्रोसिजर बुकमध्ये सही हवी तर ती प्रोसिजर ट्यूटरसमोर करून दाखवायची. "बाळंतपणाचा वॉर्ड तुझा तू शोध, नाहीतर वर्ष वाया" असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझ्या बापाने कॉलेजच्या दारात ठाण मांडलं असतं! भारतात नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आणला तोसुद्धा रेसिडेन्सी म्हणून, म्हणजे शिकणारी हॉस्पिटलच्या आयसीयूतच काम करत शिकते. आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात आम्ही महाप्रसादाच्या रांगेत.

आता शाळांची उत्तरं. मला तोंडपाठ आहेत.

पहिलं : "प्रीसेप्टर शोधण्यातून विद्यार्थ्यांचं नेटवर्किंग होतं." बाई, मी ८३ दारं ठोठावली त्यातल्या एकाशीही आज माझं नेटवर्क नाही. ज्याच्या घरात डॉक्टर आहे, ज्याचा मेहुणा क्लिनिक चालवतो, त्याचं जमतं. पहिल्या पिढीतली, एच-फोरवर आलेली, कुणी ओळखीचं नसलेली मुलगी मागे पडते. याला नेटवर्किंग म्हणत नाहीत, वशिला म्हणतात. आपल्याला तो शब्द चांगला माहीत आहे.

दुसरं : "सगळीकडे असंच आहे." खोटं. त्याच क्लिनिकमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर फिजिशियन असिस्टंटचा विद्यार्थी बसायचा. काम जवळपास आमच्यासारखंच, पेशंट तेच. त्याने साइट शोधली नव्हती. त्याच्या शाळेत त्यासाठी पगारी माणूस होता. हा काही त्या शाळेचा चांगुलपणा नाही. फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सना मान्यता देणारी जी संस्था आहे तिच्या निकषांतच लिहिलंय की विद्यार्थ्यांना क्लिनिकल साइट किंवा प्रीसेप्टर आणायला लावता येणार नाही. एक वाक्य. ते मोडलं तर मान्यतेवर गदा. नर्सिंगच्या मान्यतेच्या निकषांतही क्लिनिकल साइट पुरेशा असायला हव्यात असं आहेच, आणि तसं बघणं हे कोर्स चालवणाऱ्यांचं काम आहे. मग माझ्या हँडबुकात "विद्यार्थ्याची जबाबदारी" असं छापायची यांची हिंमत कशी होते? कारण कुणी विचारत नाही. तपासणीला आलेल्यांना करारांची फाईल दाखवतात. त्यातले किती करार मुलींनी स्वतः दारोदार फिरून आणलेत हे त्या फाईलवर लिहिलेलं नसतं.

तिसरं : "प्रीसेप्टरांची टंचाई आहे." हे खरं आहे. मान्य. पण टंचाई माहीत असताना दर टर्मला आणखी विद्यार्थी भरती कोण करतं? ऑनलाइन वर्गात तीनशे जण बसवायला एक जास्तीची खुर्चीही लागत नाही. क्लिनिकमध्ये मात्र एका प्रीसेप्टरमागे एकच जण शिकू शकतो, फार तर दोघं. जेवढे प्रीसेप्टर हातात आहेत तेवढ्याच जागा भरा, हे साधं गणित आहे. ते पाळायचं म्हटलं की फीची आवक घटते. तिथेच गाडी अडते.

आणि टंचाई आभाळातून पडलेली नाही. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीसाठी सरकारी तिजोरीतून, मुख्यतः मेडिकेअरमधून, वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर जातात असं इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१४ च्या अहवालात आहे. जाऊ देत, डॉक्टर तयार व्हायलाच हवेत. आमच्यासाठी? ओबामांच्या आरोग्य कायद्यात एक प्रयोग होता. २०१२ पासून पाच हॉस्पिटलांना, त्यात फिलाडेल्फियाचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं हॉस्पिटलही होतं, आमच्यासारख्यांच्या क्लिनिकल प्रशिक्षणासाठी पैसे द्यायचे, एकूण २० कोटी डॉलरपर्यंत. पैसे आले तशी शाळांनी माणसं नेमली, प्रीसेप्टर जोडले, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या वाढली. मग प्रयोगाची मुदत संपली आणि विषयही संपला. म्हणजे उपाय माहीत नाही असं नाही. करून बघितलाय, चाललाय, आणि सोडून दिलाय.

दुसरीकडे ज्यांच्याकडे पैसे आहेत ते जागा विकत घेतात. २००८ मध्ये एका कॅरिबियन मेडिकल कॉलेजने न्यूयॉर्क शहराच्या सरकारी हॉस्पिटलांशी दहा वर्षांसाठी तब्बल १० कोटी डॉलरचा करार केला, आपल्या विद्यार्थ्यांच्या रोटेशनसाठी. तेव्हा बरीच ओरड झाली होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या : तिथे पैसे कॉलेजने मोजले. आमच्या शाळांना तेवढंही जमत नाही.

"मग प्रीसेप्टरने फुकट शिकवायचं का?" असा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहिते. नाही. मी आता त्या खुर्चीत आहे, मला कळतं. विद्यार्थी सोबत असला की दिवसाला दोन-तीन पेशंट कमी होतात, आणि वरची माणसं महिन्याच्या शेवटी आकडा विचारतात. प्रीसेप्टरला मोबदला मिळायलाच हवा. तो शाळेने द्यावा, मी भरलेल्या फीतून. ती 'क्लिनिकल फी' नक्की कशाची होती, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. आणि सरकारने कर सवलत द्यावी. जॉर्जियाने २०१४ मध्ये डॉक्टरांसाठी सुरुवात केली आणि २०१९ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर प्रीसेप्टरांनाही त्यात घेतलं. मेरीलँड, हवाई, कोलोरॅडोत अशा सवलती आल्या. आपल्या राज्यातल्या आमदारांना, म्हणजे असेंब्लीवाल्यांना, दिवाळीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देतो ना आपण? फोटो काढताना एवढं एक विचारा.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. कटू आहे, पण बोलते.

इथल्या मराठी डॉक्टरांची मला मनापासून कदर आहे. पण दादा, काका, तुम्हीही एकेकाळी सूटकेस घेऊन या देशात आलात. स्टेप परीक्षा दिल्यात, आणि मग ऑब्झर्व्हरशिपसाठी हॉस्पिटलांना शे-दोनशे ईमेल केलेत. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये राहून, कुणाच्या तरी ओळखीने एका क्लिनिकच्या कोपऱ्यात उभं राहायला मिळालं, त्यावर तुमचं पुढचं सगळं उभं राहिलं. तुमच्यातल्या काहींनी त्या उभं राहण्याचेही पैसे मोजलेत. हे मी तुमच्याच तोंडून, तुमच्याच घरच्या पार्टीत ऐकलंय, हसत हसत सांगितलेलं. मग आज तुमच्या क्लिनिकच्या काचेपलीकडे उभ्या मुलीला रिसेप्शनिस्टच्या तोंडून "नाही" का?

"नोट्स मला परत लिहाव्या लागतात, कोण वेळ घालवणार" हे कारण मला तिघांनी सांगितलं. ते जुनं झालंय. १ जानेवारी २०२० पासून मेडिकेअरच्या नियमात बदल आहे. आमच्या विद्यार्थिनीने लिहिलेली नोट तुम्ही तपासून, खात्री करून सही करू शकता, सगळं नव्याने टाइप करायची गरज नाही. पेशंट तुम्हाला बघावा लागतो, तो कसाही बघावाच लागतो. आणि मैत्रिणींनो, तुम्ही स्वतः नर्स प्रॅक्टिशनर असाल तर प्रीसेप्टर म्हणून दिलेले तास तुमच्या सर्टिफिकेशनच्या नूतनीकरणात धरले जातात. आम्हाला कुणी मदत केली नाही म्हणून आम्ही का करू, हे वाक्य मी आपल्याच बायकांकडून ऐकलंय. सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं, हे आपण मागे ठेवून आलो होतो ना?

अॅडमिशन घ्यायच्या विचारात असलेल्या मुलींनो, फी भरायच्या आधी शाळेला ईमेलवर विचारा, फोनवर नाही. प्रीसेप्टर कोण शोधणार? नाही मिळाला तर काय, फी परत की टर्म वाया? गेल्या वर्षी साइट न मिळाल्यामुळे किती जणींची टर्म पुढे गेली? उत्तर "आम्ही विद्यार्थ्यांना सहकार्य करतो" असं गुळमुळीत आलं तर समजून जा, ड्रायव्हर तुम्हालाच शोधायचा आहे. फी थोडी जास्त असली तरी साइट लावून देणारी शाळा घ्या. जास्तीची फी आणि दलालाचे पैसे यांची बेरीज करून बघा, बरेचदा तीच स्वस्त पडते. वर एक वर्ष वाचतं. आणि ज्या आत्ता अडकल्यात त्यांनी प्रत्येक नकार लिहून ठेवा, तारखेसकट. शाळेच्या डीनला पाठवा, आणि तिथून उत्तर नाही आलं तर मान्यता देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते, तिचा पत्ता शाळेच्याच वेबसाइटवर असतो. एकटीने केली तर तुम्ही 'प्रॉब्लेम स्टुडंट'. दहा जणींनी मिळून केली तर शाळेला मीटिंग बोलवावी लागते. आमच्या वर्गाने हे केलं नाही. प्रत्येकीला वाटलं आपलं तेवढं जमवू. मलाही तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

माझ्या क्लिनिकमध्ये मी गेले चार महिने मॅनेजरच्या मागे होते. आधी "पॉलिसी नाही" म्हणाली. पॉलिसी काढायला लावली, वाचली, तर विद्यार्थी घेऊ नका असं त्यात कुठेच नव्हतं. शाळेशी करार हवा आणि विद्यार्थिनीचा विमा हवा, एवढंच. कराराला सहा आठवडे लागले. येत्या मंगळवारपासून त्या तिघींपैकी एक माझ्याकडे येतेय. डब्यात पोळ्या जास्त आणीन म्हटलंय.

दुसरीचं एका बाईंकडे जवळपास ठरलंय. तिसरी अजून तशीच आहे. तिला बालरोगाचे १२० तास हवेत, मिडलसेक्स किंवा सॉमरसेट काउंटीत, मंगळवार आणि गुरुवार मोकळे, स्वतःची गाडी आहे, लसीकरण-विमा सगळे कागद तयार आहेत. शाळेची मुदत सोळा दिवसांवर आलीय. आणि मुलं खरोखर येतात असंच क्लिनिक हवंय, शाळेचे फॉर्म भरायला येणारी नव्हे. कुणी असेल तर मला इनबॉक्स करा, रात्री उशिरा केलात तरी चालेल, मी जागी असते.